‘बघा आणि टाळा’: एका नियमाचा इतिहास, ओझरच्या आकाशाखालून

नाशिकच्या आकाशात कोण कोण उडतं याची यादी एकदा करून बघा. ओझरला एचएएलचा कारखाना आहे. १९६४ मध्ये तो स्थापन झाला, तिथे मिग आणि नंतर सुखोई बनली, आणि बनलेलं प्रत्येक विमान सुपूर्द करण्याआधी तिथेच उडवून तपासलं जातं. त्याच धावपट्टीवरून आता प्रवासी विमानंही जातात-येतात. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे, तिथली चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं नाशिकरोडकरांना घड्याळासारखी पाठ आहेत. देवळालीला तोफखान्याचं केंद्र आणि त्याची सरावाची मैदानं. (तोफेचा गोळासुद्धा काही सेकंद आकाशाचा वापरकर्ताच असतो, हे विसरू नका.) २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, तो ओझरपासून सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर. धुळे आणि शिरपूरकडे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं. आणि २०२७ च्या सिंहस्थात या सगळ्यात भरच पडणार आहे.

ओझर ते गांधीनगर हे अंतर नकाशावर मोजलं तर सुमारे २० किलोमीटर येतं. दहा हजार फुटांखाली प्रवासी विमानाला साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, एवढी वेगमर्यादा असते. त्या वेगाने हे अंतर दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत संपतं.

आता गैरसमज नको. ओझरचं आकाश धोकादायक आहे असं मी म्हणत नाहीये. मला सांगायचंय ते वेगळं. मोठी प्रवासी विमानं आणि छोटी किंवा लष्करी विमानं एका आकाशात ठेवायची कशी, या प्रश्नाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला त्यातून ‘कारण’ या शब्दाबद्दल बरंच शिकता येतं. पेटची किंवा नेटची तयारी करताना आपण कार्यकारणभाव, गृहीतक, पुरावा हे शब्द पाठ करतो. इथे ते शब्द अहवालांत काम करताना दिसतात.

सुरुवातीचा नियम अगदी साधा होता: बघा आणि टाळा. स्वच्छ हवेत वैमानिकाने खिडकीतून बाहेर लक्ष ठेवायचं, दुसरं विमान दिसलं की बाजूला व्हायचं. रस्त्यावर आपण तेच करतो, म्हणून हा नियम पटतोही चटकन. पण गणित करून बघू. प्रवासी विमान २५० नॉटने येतंय, समोरून चार आसनी सेस्ना १०० नॉटने. दोघांचा मिळून जवळ येण्याचा वेग सेकंदाला साधारण १८० मीटर. आता वैमानिकाला काहीतरी दिसणं, ते विमान आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि मग विमान वळणं, या सगळ्याला मिळून अमेरिकी हवाई खात्याच्या मार्गदर्शक पत्रकात साडेबारा सेकंद धरले आहेत. साडेबारा सेकंदांत १८० च्या हिशेबाने सव्वादोन किलोमीटर जातात. म्हणजे सेस्ना सव्वादोन किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं. सेस्नाच्या पंखांची रुंदी ११ मीटर. सव्वादोन किलोमीटरवरून ती किती दिसेल? हात लांब करून धरलेल्या बाजरीच्या टपोऱ्या दाण्याएवढी. तीही टोकापासून टोकापर्यंत, आणि पंख म्हणजे समोरून नुसती एक बारीक रेघ.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आपला डोळा हलणारी वस्तू लवकर टिपतो. पण दोन विमानं सरळ रेषेत, स्थिर वेगाने एकमेकांवर आदळणार असतील तर समोरचं विमान काचेवर हलतच नाही. ते एकाच जागी राहतं आणि फक्त मोठं होत जातं. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, त्यामुळे बराच वेळ ठिपका ठिपकाच राहतो आणि शेवटच्या चार-पाच सेकंदांत एकदम फुगतो. जे विमान काचेवर सरकताना दिसतं ते बहुतेक वेळा बाजूने निघून जाणारं असतं. म्हणजे आपली नजर नेमकी चुकीच्या विमानाकडे ओढली जाते. हे भूमितीचं काम आहे, वैमानिकाच्या शिस्तीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

तरीही हा नियम बराच काळ टिकला, कारण त्याच्यामागे एक समजूत होती: आकाश एवढं मोठं आहे की टक्कर होणं जवळपास अशक्य. भौतिकशास्त्रवाल्यांनी ही समजूत वायूच्या रेणूंसारखी मांडून बघितली. रेणू इतस्ततः फिरतात असं धरलं तर टकरींचा दर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विमानं दुप्पट झाली की टकरीची शक्यता चौपट. पण विमानं काही इतस्ततः फिरत नाहीत. ती विमानतळाभोवती गोळा होतात, ठरलेल्या मार्गांवरून जातात, ठरलेल्या उंचीवर राहतात. आणि दिशादर्शक यंत्रं जितकी अचूक, तितकी दोन विमानं त्याच रेषेवर येण्याची शक्यता जास्त. २००६ मध्ये ब्राझीलमध्ये गोल कंपनीचं बोइंग आणि एक छोटं खासगी जेट एकाच मार्गावर, एकाच उंचीवर समोरासमोर आली. बोइंगमधले सगळे १५४ जण गेले, जेट कसंबसं उतरलं. तेव्हा मॉडेल सुंदर असलं तरी त्याचं गृहीतक आधी तपासा. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मूस जॉ गावावर एक प्रवासी विमान आणि हवाई दलाचं शिकाऊ हार्वर्ड विमान आदळलं, ३७ माणसं गेली, त्यातली एक जमिनीवरची. २१ एप्रिल १९५८ ला लास व्हेगासजवळ प्रवासी डीसी-७ आणि सरावावर असलेलं एफ-१०० लढाऊ विमान: ४९. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, २० मे ला मेरीलँडमध्ये व्हायकाउंट प्रवासी विमान आणि लष्करी टी-३३: १२. त्या वेळी अमेरिकेत नागरी विमानांचं नियंत्रण एकीकडे आणि लष्करी विमानांचं दुसरीकडे होतं. लास व्हेगासच्या दोन्ही विमानांवर कुणाची ना कुणाची देखरेख होती, पण या बाजूला त्या बाजूचा पत्ता नव्हता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवा कायदा झाला आणि दोघांच्या आकाशाचा कारभार एका संस्थेकडे आला. ती संस्था म्हणजे आजची एफएए. जपानला मात्र हा धडा स्वतःच्या किमतीवर घ्यावा लागला. ३० जुलै १९७१ ला शिझुकुइशीवर हवाई दलाचं सरावाचं एफ-८६ आणि ऑल निप्पॉनचं बोइंग ७२७ आदळले. बोइंगमधले १६२ च्या १६२ गेले, शिकाऊ वैमानिक पॅराशूटने वाचला.

आता ज्या प्रकरणावर मला जास्त वेळ द्यायचाय तिकडे येऊ. २५ सप्टेंबर १९७८, सकाळचे नऊ, सॅन डिएगो. हवा स्वच्छ. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येतंय. त्याच विमानतळावर एक सेस्ना १७२ उपकरणांच्या आधारे उतरण्याचा सराव करून पुन्हा वर चढतंय. सेस्नात दोघं: एक शिकणारा, एक शिकवणारा. नियंत्रक बोइंगला सांगतो, समोर एक विमान आहे. वैमानिक म्हणतात, दिसलं. मग नियंत्रक त्यांना नजरेने अंतर राखायला सांगतो, आणि इथे जबाबदारी रडारवरून डोळ्यांवर गेली. थोड्या वेळाने ते विमान नजरेआड झालं. कॉकपिटमध्ये आपसात चर्चा झाली, ते मागे गेलं असावं असं ठरलं. टॉवरला जे सांगितलं गेलं ते ‘उजवीकडून गेलं असं वाटतं’ अशा अर्थाचं होतं, ‘आता दिसत नाही’ असं स्पष्ट नव्हतं. खरं तर सेस्ना त्यांच्या समोर आणि खाली होतं, वस्तीच्या रंगांत मिसळलेलं. सेस्नाही दिलेली दिशा सोडून थोडं वळलं होतं. टक्कर व्हायच्या १९ सेकंद आधी नियंत्रण कक्षात धोक्याची घंटा वाजली. पण अशा घंटा तिथे रोजच वाजत, आणि वैमानिकांनी तर समोरचं विमान पाहिलंय अशी समजूत होती. कुणी काही केलं नाही. २६०० फुटांवर बोइंग मागून आणि वरून सेस्नावर आलं. बोइंगमधले १३५, सेस्नातले दोघं आणि जमिनीवरचे सात, एकूण १४४.

चौकशी मंडळाच्या अहवालाचा निष्कर्ष असा: नजरेने अंतर राखण्याची अट वैमानिकांनी पाळली नाही, आणि दिसेनासं झाल्यावर कळवलं नाही. रडार उपलब्ध असताना नजरेवर सोपवणारी पद्धत हा ‘हातभार लावणारा’ घटक म्हणून पुढे नोंदवला. मंडळाचे एक सदस्य फ्रान्सिस मॅकअ‍ॅडम्स यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं की ही पद्धत हातभार लावणारी नाही, मूळ कारणातच तिला जागा हवी.

हे वेगळं मत म्हणजे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. पुरावा दोन्ही बाजूंचा एकच होता: तीच ध्वनिफीत, तेच रडार, त्याच वेळा. फरक होता तो साखळीतली कोणती कडी ‘कारण’ म्हणून उचलायची यात. वैमानिकांची चूक हे कारण धरलं तर उपाय निघतो: वैमानिकांनो, नीट बघा. पद्धत हे कारण धरलं तर उपाय निघतो: रडार असताना डोळ्यांवर विसंबू नका, मोठ्या विमानाभोवती छोट्यांसाठी वेगळी जागा ठेवा, आणि यंत्र बसवा. म्हणून कुठलाही अपघाताचा अहवाल हाती आला की मी ‘संभाव्य कारण’ हा भाग शेवटी वाचते. आधी घटनाक्रम, मग विश्लेषण, स्वतःचा निष्कर्ष कागदावर लिहायचा, आणि मग त्यांचा उघडायचा. कुठल्याही शाखेतल्या शोधनिबंधाला हीच रीत चालते.

यंत्राची कल्पना तोवर जुनी झाली होती. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं आदळून १२८ माणसं गेली, आणि त्याच दशकात बेंडिक्स कंपनीतल्या जे. एस. मॉरेल यांनी टकरीचं भौतिकशास्त्र मांडलं. त्यातली युक्ती इतकी सोपी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. अंतर किती हे विचारू नका, वेळ किती उरलाय ते विचारा. अंतर भागिले जवळ येण्याचा वेग. पाच किलोमीटरवरचं विमान हळू येत असेल तर निवांत, दहा किलोमीटरवरचं झपाट्याने येत असेल तर धोका. या राशीला ‘टाऊ’ म्हणतात, आणि आजही विमानातलं टीकॅस याच पायावर चालतं. टीकॅस आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला १०३० मेगाहर्ट्झवर साद घालतं, ते १०९० वर उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर, उत्तरातल्या माहितीवरून उंची. आधी इशारा मिळतो, आणि टक्कर साधारण १५ ते ३५ सेकंदांवर आली की थेट आदेश: वर चढा किंवा खाली उतरा.

कल्पना पन्नाशीतली, मग यंत्र नव्वदीत का आलं? तंत्र तयार नव्हतं हे अर्धं उत्तर. सुरुवातीच्या यंत्रांना गर्दीच्या विमानतळाजवळ सतत खोट्या घंटा वाजवायची सवय होती. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे सक्ती कुणी करायची यावरची ओढाताण. सॅन डिएगोनंतर १९८१ मध्ये टीकॅसवर शिक्कामोर्तब झालं. तरी कायदा झाला तो ३१ ऑगस्ट १९८६ नंतरच. त्या दिवशी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसवर एरोमेक्सिकोचं डीसी-९ आणि एक छोटं पायपर आदळलं, ८२ माणसं गेली, त्यातली १५ घरात-अंगणात असलेली. पायपर विनापरवानगी नियंत्रित क्षेत्रात शिरलं होतं आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि १९९३ संपेपर्यंत ३० पेक्षा जास्त आसनांच्या विमानांना टीकॅस सक्तीचं झालं. मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर छोट्यांनाही बंधनकारक झाला. ही दुसरी अट कमी गाजली, पण माझ्या मते पहिलीइतकीच मोलाची. समोरचा बोलतच नसेल तर टीकॅस बहिरं आहे.

आपल्याकडे काय? मुंबईत जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ जेमतेम तीन-चार किलोमीटरच्या अंतरावर आहेत. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला. महायुद्धानंतर मोठी विमानं सांताक्रूझला गेली, छोटी जुहूलाच राहिली. मग गोंधळ व्हायचा तो झाला. १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच उतरलं आणि पुढे निसटून मोडलं. कुणी दगावलं नाही. दोन्ही वेळा वैमानिकांनी धावपट्टी डोळ्यांनी ‘पाहिली’ होती. आज जुहूहून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात आणि त्यांना सांताक्रूझच्या मोठ्या विमानांखालून, ठरलेल्या उंचीत आणि ठरलेल्या वाटांनी जावं लागतं.

९ फेब्रुवारी २००९ ला याच सांताक्रूझवर एअर इंडियाचं दिल्लीला निघालेलं विमान धावपट्टीवर वेग घेत असताना समोर राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातलं हवाई दलाचं हेलिकॉप्टर दिसलं. वैमानिकाने ब्रेक दाबून विमान थांबवलं. इथे मात्र डोळ्यांनी वाचवलं, हे कबूल करायला हवं.

हवेतल्या टकरीतली जगातली सर्वांत भीषण घटना भारतातली. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी, सौदियाचं बोइंग ७४७ आणि कझाक इल्युशिन-७६, ३४९ मृत्यू. इल्युशिन काही छोटं विमान नव्हे, तरी इथे त्याची आठवण दोन गोष्टींसाठी. दिल्लीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्याने येणारी आणि जाणारी नागरी विमानं एकाच मार्गिकेतून सोडली जात होती. आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती, ती वैमानिक सांगेल तीच. १५ हजार फुटांवर थांबायचं होतं ते विमान तिथे थांबलं नाही, हे न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत पुढे आलं. त्यानंतर दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं आणि डीजीसीएने भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं केलं.

एवढं सगळं झाल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणारं प्रवासी जेट आणि लष्कराचं सरावावरचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर तीनशे फुटांच्या आसपास आदळलं, ६७ माणसं गेली. रात्रीची वेळ, वैमानिकांनी ‘विमान दिसतंय’ म्हणून नजरेने अंतर राखायची परवानगी मागून घेतलेली. सॅन डिएगोचीच अट, ४६ वर्षांनी. टीकॅस होतं, पण जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली त्याचे आदेश मुद्दाम बंद ठेवलेले असतात, नाहीतर उतरणाऱ्या विमानाला ते ‘खाली जा’ म्हणायचं. आणि चौकशीच्या सुरुवातीच्या अहवालातला आकडा बघा: ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळावर प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातलं आडवं अंतर एका सागरी मैलापेक्षा कमी आणि उभं अंतर ४०० फुटांपेक्षा कमी असे १५,२१४ प्रसंग नोंदले गेले होते. नोंद होती. ती एकत्र करून कुणी वाचली नव्हती.

इथे संख्याशास्त्रातली एक छोटी गोष्ट कामाला येते, तिला ‘तीनचा नियम’ म्हणतात. समजा एखाद्या ठिकाणी ३०,००० उड्डाणं झाली आणि टक्कर शून्य. तर धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो ३ भागिले ३०,०००, म्हणजे दहा हजारांत एक, यापेक्षा जास्त नाही. विमानवाहतुकीत दहा हजारांत एक हा आकडा भयंकर आहे. म्हणजे ‘आजवर काही झालं नाही’ या वाक्यात माहिती फार थोडी असते. खरी माहिती थोडक्यात हुकलेल्या प्रसंगांत असते, कारण ते संख्येने जास्त असतात आणि मोजता येतात.

म्हणून ओझरबद्दल मला पडणारे प्रश्न असे आहेत. प्रवासी विमान उतरताना हजार फुटांखाली येतं त्या पट्ट्यात गांधीनगरची किंवा सिंहस्थासाठी येणारी हेलिकॉप्टरं कोणत्या उंचीने आणि कोणत्या वाटेने जाणार? दोन्हीकडचे नियंत्रक एकाच पडद्यावर बघतात की फोनवर बोलतात? किती वेळा ‘नजरेने अंतर राखा’ असं सांगितलं जातं? थोडक्यात हुकलेले प्रसंग ‘गंभीर घटना’ म्हणून एएआयबीकडे जातात आणि तिचे अहवाल सार्वजनिक असतात, तेव्हा नागरी बाजूपासून सुरुवात करता येईल. लष्करी बाजूची नोंद सहज मिळणार नाही. पण विमानं स्वतःची जागा स्वतःच १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात, आणि ते ऐकणारा रिसीव्हर एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर बसवायला फार खर्च येत नाही. जी विमानं त्यावर बोलत नाहीत ती त्यात दिसणार नाहीत, आणि अभ्यासाच्या मर्यादांत ते पहिल्याच ओळीत लिहावं लागेल.